चहा कोणाच्या हातचा?

दिवाळी अंक हातीं आले कीं त्यांत एखादा तरी लघुनिबंध चहावर असतो, आणि तो वाचण्यापूर्वींच त्यांत काय काय असणार हें सराईत वाचकाला बहुधा सांगतां येतें. पहाटेची वेळ असते. स्टोव्हचा फरफराट चाललेला असतो. आजीचें पितळी पातेलें असतें, त्यांतून आल्याचा वास येत असतो. आजोबा चहा बशींत ओतून, फुंकर घालून, सावकाश पीत असतात. बाहेर पाऊस लागलेला असतो. आणि शेवटीं, तशी चव पुन्हा मिळाली नाहीं, अशा अर्थाचें एक हळवें वाक्य असतें. असे निबंध आम्हांस आवडत नाहींत असें मुळींच नाहीं. त्यांतील कांहीं तर मोठे सुरेख उतरलेले आहेत. परंतु एकामागून एक दहापांच निबंध वाचून झाले म्हणजे मनांत एक शंका उभी राहते आणि ती कांहीं केल्या जात नाहीं. या सर्व आठवणींत चहाचा रंग आहे, वास आहे, वाफ आहे. परंतु तो कोणीं कोणाला दिला आणि कोणीं कोणाच्या हातून घेतला, याचा उल्लेख कोठेंहि नाहीं. आणि महाराष्ट्रांतील चहाचा इतिहास लिहावयाचा झाला, तर तो आमच्या मतें मुख्यतः याच एका प्रश्नाचा इतिहास ठरेल.

प्रथम 'परंपरा' या शब्दाचा थोडा विचार करूं. कारण या निबंधांतून चहा हा घराण्याचा पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला वारसा म्हणून अवतरतो. मराठी घरांत ऊन पेयें पूर्वीं नव्हतीं असें नाहीं. कोंकणांत सकाळची ऊन ऊन पेज होती, कुळथाचें कढण होतें. सर्दीपडशाला सुंठ-मिऱ्यांचा किंवा तुळशीचा काढा होता. आणि कोजागिरीच्या रात्रीं चांदण्यांत ठेवलेलें, केशर-वेलची घालून आटविलेलें दूध होतें. परंतु यांपैकीं प्रत्येकाला कांहीं ना कांहीं निमित्त लागे: भूक, आजार किंवा सण. केवळ कोणी आलें म्हणून, अथवा कोणीच आलें नाहीं म्हणून, दिवसांतून दोनदां चुलीवर आधण चढवावें, असें पेय आपल्याकडे नव्हतें. दारीं आलेल्याच्या हातावर गूळ ठेवून पाण्याचा तांब्या पुढें करावा, हीच आतिथ्याची रीत होती. परसांतल्या एका सुवासिक गवताला आज आपण 'गवती चहा' म्हणतों. पाहुण्यानें यावें आणि घरच्याच माणसाला आपलें नांव देऊन बसावें, तसाच हा प्रकार झाला!

हा पाहुणा आला तरी केव्हां? आसामांत रॉबर्ट ब्रूस याला चहाच्या झाडांची माहिती १८२३ च्या सुमारास झाली आणि १८३९ सालीं आसामचा चहा लंडनच्या लिलावांत विकला गेला. परंतु तो पिकविला जाई तो मुख्यतः परदेशीं पाठविण्यासाठीं. येथल्या लोकांना गिऱ्हाईक करण्याचा उद्योग मागाहून सुरू झाला. १९०३ मध्यें, मळेवाल्यांच्याच मागणीवरून, निर्यात होणाऱ्या चहावर एक लहानसा कर बसविण्यांत आला आणि त्या पैशांतून चहाचा प्रचार सुरू झाला. पुढें १९३० नंतरच्या जागतिक मंदींत मागणी खालावली, १९३३ च्या आंतरराष्ट्रीय करारानें निर्यातीवर मर्यादा पडली, आणि मग या प्रचाराचा सारा भर हिंदुस्थानच्याच बाजारावर आला. चहा करून दाखविणारीं पथकें घरोघर हिंडूं लागलीं. चहा कसा करावा हें देशी भाषांतून सांगणारे एनॅमलचे फलक रेल्वे-स्टेशनांवर लागले. महात्मा गांधींनीं १९४२ मध्यें लिहिलेल्या 'आरोग्याची गुरुकिल्ली' या पुस्तकांत चहाची शरीराला गरज नाहीं असें बजावलें. तर १९४७ च्या सुमारास अन्नदा मुन्शी या चित्रकारानें काढलेल्या एका प्रसिद्ध जाहिरातींत चरख्याशीं बसलेली स्त्री दाखवून चहा हा शंभर टक्के स्वदेशी असल्याची ग्वाही देण्यांत आली. म्हणजे ज्याला आपण पूर्वजांचा वारसा म्हणतों, तो पुष्कळ घरांत पणजीच्या लग्नानंतरचा निघण्याचाच संभव अधिक.

परंतु परंपरा नवी आहे एवढ्यावरून ती खोटी ठरत नाहीं, हेंहि येथेंच सांगितलें पाहिजे. प्रचारकांनीं शिकविलेली कृति अशी होती: उकळतें पाणी पत्तीवर ओतावें, झांकून ठेवावें, गाळावें आणि दूध वरून घालावें. आमच्या गृहिणींनीं ती ऐकून घेतली आणि बाजूस ठेविली. त्यांनीं पाणी, दूध, साखर आणि पूड हीं एकाच पातेल्यांत उकळलीं. काढ्यांतलें आलें, कोजागिरीच्या दुधांतली वेलची आणि परसांतलें गवत हींहि त्यांतच टाकलीं. चहांत मसाला घालण्याची ही देशी खोड व्यापाऱ्यांना रुचत नसे, कारण मसाल्यानें पूड कमी लागते. पान चुरून, फाडून, वळवून त्याचे दाणे करणारें यंत्र १९३० च्या सुमारास आसामांत निघालें. स्वातंत्र्यानंतर त्याचा प्रसार झाला, आणि त्या स्वस्त व कडक पुडीनें आमची उकळण्याची रीत कायमची पक्की केली. कॉफीच्या बाबतींतहि आम्हीं तेंच केलें. तिच्यांत जायफळ उगाळून घातल्याशिवाय ती पाहुण्यापुढें ठेवण्याजोगी झाली, असें मराठी घरास वाटेना. तेव्हां आजीच्या पातेल्याचें जें कौतुक होतें तें अस्थानीं नाहीं. शिकविणाऱ्याचें न ऐकतां त्या बायांनीं जें रचलें, तें त्यांचें स्वतःचें आहे.

चव कशी घडली तें असें सांगतां येतें. पण परक्या हातचें पाणीहि वर्ज्य मानणाऱ्या घरांत हा पेला शिरला कसा, हा प्रश्न राहतोच. आणि त्याचें उत्तर पाककृतींत नाहीं. त्यासाठीं पुण्यास, पंचहौद मिशनांत जावें लागतें.

१८९० च्या ऑक्टोबर महिन्यांत पुण्यांतील कांहीं प्रतिष्ठित मंडळी निमंत्रणावरून या मिशनांत जमली होती. न्यायमूर्ति रानडे, टिळक आणि गोखले हे त्यांत होते. समारंभाअखेर चहा आला. कांहींनीं तो घेतला. कांहींनीं यजमानांचा मान राखावा म्हणून पेला हातीं धरला आणि तसाच खालीं ठेविला. डॉ. आनंदीबाईंचे पति गोपाळराव जोशी यांनीं हजर असलेल्यांचीं नांवें 'पुणें वैभव' पत्रांत प्रसिद्ध करविलीं. सनातनी मंडळींनीं शंकराचार्यांकडे फिर्याद नेली, चौकशी बसली आणि पुण्यांत मोठें ग्रामण्य माजलें. टिळकांनीं आपण काशीस सर्वप्रायश्चित्त घेतल्याचें सांगितलें. रानड्यांनीं १८९२ सालीं प्रायश्चित्त घेतलें.

या प्रकरणावर त्या काळीं वृत्तपत्रांतून रकानेच्या रकाने खर्ची पडले. पण वाङ्मयाच्या दृष्टीनें त्याची कायमची नोंद झाली ती रमाबाई रानडे यांच्या 'आमच्या आयुष्यांतील कांहीं आठवणी' या १९१० सालीं प्रसिद्ध झालेल्या पुस्तकांत. मित्रांच्या संसारांतील अडचणी पाहून रानडे प्रायश्चित्तास तयार झाले, हें रमाबाई सांगतात, आणि आपणांस तें रुचलें नव्हतें, हेंहि झांकून ठेवीत नाहींत. पतीवरील त्यांची भक्ति सर्वश्रुत आहे. म्हणूनच या कबुलीला वजन आहे. ग्रामण्य हें पंडितांच्या लेखीं शास्त्रार्थाचें युद्ध होतें. घरांत मात्र त्याचा अर्थ निराळा होता: श्राद्धाला भिक्षुक मिळत नाहीं, पंगतीचें बोलावणें येत नाहीं, लेकीचें माहेरीं येणें अवघड होतें. एका पेल्यानें घराची घडी कशी विसकटते, हें घरांतूनच पाहणाऱ्या लेखणीला दिसलें. रमाबाईंची भाषा साधी आहे आणि चहाच्या चवीला त्या प्रकरणांत कांहीं किंमत नाहीं. तरीहि आजच्या रसभरित निबंधांहून तें प्रकरण आम्हांस अधिक खरें वाटतें, कारण पेला कोणाच्या हातून आला हें विसरण्याची सोय तेथें नाहीं.

या वादाचा उत्तरार्ध मात्र मोठा मौजेचा आहे, आणि तो कोणीं सहसा लिहीत नाहीं. ज्या पेल्यापायीं विद्वानांना प्रायश्चित्त घ्यावें लागलें, तोच चहा आज एकादशीला आणि चतुर्थीला उपासाच्या पदार्थांत निर्धास्त बसलेला आहे. कांदा वर्ज्य, भात वर्ज्य. पण कोणत्याहि स्मृतिकाराला ठाऊक नसलेला चहा मात्र चालतो! यावरून एक गोष्ट उघड होते. आक्षेप त्या पानावर कधींच नव्हता. तो होता पेला पुढें करणाऱ्या हातावर. हात आपल्या घरचा असला कीं पान सोंवळें झालें.

येथेंच रमाबाईंच्या पुस्तकाचीहि मर्यादा सांगितली पाहिजे. पंचहौदाचें भांडण झालें तें ज्यांना दंड भरून, पंचगव्य घेऊन पुन्हा पंगतींत बसतां येत होतें त्यांच्यापुरतें. ज्यांच्या स्पर्शाला कोणतेंच प्रायश्चित्त पुरेसें मानलें जात नव्हतें आणि ज्यांना पंगतीचें दारच ठाऊक नव्हतें, ते त्या प्रकरणांत नाहींत. त्यांचा पेला पाहण्यासाठीं कोल्हापुरास गेलें पाहिजे.

राजर्षि शाहू छत्रपतींच्या पदरीं गंगाराम कांबळे नांवाचे एक अस्पृश्य मानले गेलेले सेवक होते. पाण्याला शिवल्याच्या कारणावरून त्यांना मारहाण झाली. महाराजांनीं मारणाऱ्यांना शासन केलें, आणि एवढ्यावर न थांबतां कांबळ्यांना स्वतंत्र धंदा काढण्यास साहाय्य केलें. तो धंदा चहाच्या हॉटेलाचा होता. कोल्हापुरांत भर रस्त्यावर, १९२० च्या सुमारास, हें 'सत्यसुधारक' हॉटेल निघालें. आणि प्रथम तेथें कोणी फिरकेना तेव्हां महाराज स्वतः गाडींतून जाऊं लागले, कांबळ्यांच्या हातचा चहा मागवून पिऊं लागले आणि बरोबरच्या उच्चवर्णीय मंडळींनाहि तो पाजूं लागले. राजाच्या समक्ष नाहीं म्हणणार कोण? व्याख्यानें पुष्कळांनीं दिलीं आहेत, जाहीरनामे महाराजांनींहि काढले. परंतु एक कप चहा पिऊन जें झालें त्याचें स्वरूप निराळें होतें. पंचहौदांत पेला खालीं ठेवण्याची वाट मोकळी होती. येथें ती बंद केलेली होती.

पण राजा पाठीशीं नसला म्हणजे काय होतें? स्वतंत्र भारताच्या राज्यघटनेच्या सतराव्या कलमानें अस्पृश्यता रद्द केली. १९५५ च्या कायद्यानें हॉटेलांत प्रवेश नाकारणें तर गुन्हा ठरविलेंच, पण तेथील भांडीं वापरूं न देणें हाहि गुन्हा ठरविला. कायदेमंडळाला पेल्यापर्यंत उतरावें लागलें, यांतच सर्व आलें. आणि तरीहि शरणकुमार लिंबाळे यांचें 'अक्करमाशी' हें १९८४ सालचें आत्मकथन उघडावें, तर गांवच्या चहाच्या दुकानांत दलितांसाठीं वेगळे ठेवलेले कप आपल्याला भेटतात, आणि त्याविरुद्ध तक्रार घेऊन पोलिसांकडे जाणारा तरुण लेखक भेटतो. त्या पानांत आलें-वेलचीचा वास नाहीं. चहाचा एकच गुण तेथें महत्त्वाचा आहे, तो म्हणजे भांडें. रमाबाईंच्या पुस्तकानंतर जवळजवळ पाऊणशें वर्षांनीं लिहिलेल्या या पुस्तकांत मराठी आत्मचरित्र पुन्हा त्याच प्रश्नाशीं येऊन उभें राहतें. फरक इतकाच कीं, या वेळीं लेखक पेल्याच्या दुसऱ्या बाजूला आहे. हीं दोन पुस्तकें शेजारीं ठेवून वाचावीं. मग चहावरील आपल्या लघुनिबंधांत कोणती जागा रिकामी आहे, तें कोणीं दाखवून देण्याची गरज राहणार नाहीं.

कोणी म्हणेल, कीं लघुनिबंधाचें काम मनाला विसांवा देणें हें आहे. त्यानें इतिहासाचें ओझें कां वाहावें? आक्षेप योग्य आहे, आणि प्रत्येक लेखकानें सुधारणेचें व्याख्यान द्यावें असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु आठवणींचा निबंध हा एक करार असतो. 'मला जें आठवतें तें मी सांगतों,' असें लेखक वाचकाला म्हणत असतो. मग आठवणींत जें होतें त्यांतलें गोड तेवढें वेंचून बाकीचें गाळून टाकलें, तर बिघाड होतो तो निबंधाच्या कलेंतच. चित्रांत सकाळ आहे, पण सकाळीं कामाला लागलेलीं माणसें नाहींत. आजोबा बशी फुंकीत आहेत, तेव्हां आजी कोठें आहे? सर्वांचे कप भरून झाल्यावर पातेल्याच्या तळाशीं जें उरलें, त्यांत पाणी घालून तिनें स्वतःचा चहा पुन्हा उकळला, हें पुष्कळांना ठाऊक आहे; लिहिलें आहे फार थोड्यांनीं. मुलगी पाहावयाला मंडळी आलीं म्हणजे चहाचा ट्रे हातीं घेऊन खालीं मानेनें येणारी मुलगीहि याच परंपरेंतली आहे. तिचा हात कांपतो कीं नाहीं, हें पाहण्यासाठींच तो ट्रे तिच्या हातीं दिलेला असे.

प्रस्तुत लेखकानें दुसऱ्यांना दोष देऊन स्वतः मोकळें होणें बरें नव्हे, म्हणून एक घरची गोष्ट सांगतों. आमच्या आजोळीं मागल्या दारीं दगडी डोणीच्या कडेवर कान तुटलेला एक कप पालथा घातलेला असे. भांडीं घासावयाला येणाऱ्या बाईंचा तो कप. काम आटोपलें कीं त्या तो सरळ करून पायरीवर ठेवीत, आजी वरून, अंतर राखून, त्यांत चहा ओती, आणि पिऊन झाल्यावर तो विसळून पुन्हा पालथा घालण्याचें कामहि त्यांचेंच असे. आतां आमची आजी निष्ठुर नव्हती. उलट, थंडीच्या दिवसांत बाईंचे हात पहाटेपासून गार पाण्यांत असतात म्हणून त्यांच्या चहांत ती मुद्दाम आलें जास्त घाली, आणि साखर घालतांना हात आंखडीत नसे. ती माया खोटी होती असें म्हणण्याचा आम्हांस अधिकार नाहीं. पण ती माया आणि तो तुटका कप एकाच पायरीवर रोज दोनदां भेटत होते, आणि आम्ही मुलें शेजारीं बसून आपापल्या कानवाल्या कपांतून चहा पीत होतों. आम्हांला त्यांत कांहीं विशेष वाटलें नाहीं. ज्या रीतींत कांहीं विशेष वाटत नाहीं तिलाच परंपरा म्हणतात. आजहि शहरांतल्या किती तरी सदनिकांत ओट्याच्या कोपऱ्यांत असा एक निराळा कप निघेल. वाचकांनीं आपल्या घरचा ओटा आठवून पाहावा.

आजी वारली तेव्हां भांड्यांची वांटणी झाली. पितळी पातेलें थोरल्या मामींकडे गेलें आणि तें त्यांनीं घासूनपुसून दिवाणखान्यांत मांडलें आहे. आल्यागेल्याला तें दाखवितात, आणि त्यावरून आजीच्या चहाच्या गोष्टी निघतात. त्या गोष्टी आम्हीहि सांगतों, आणि त्या खऱ्याच आहेत. तो कान तुटलेला कप मात्र वांटणींत आला नाहीं. त्याचें काय झालें हें आम्हीं मागाहून घरांत विचारून पाहिलें, कोणालाच आठवेना. कांहींना तर असा कप होता हेंच आठवेना.

पातेल्यावर लिहिणारे आपल्या भाषेंत पुष्कळ आहेत आणि त्यांनीं लिहीत राहावें. पुढल्या दिवाळी अंकांतील एखाद्या तरी लेखकानें पातेलें वर्णून झाल्यावर मागल्या दारीं जावें आणि तो कप सरळ करून पाहावा, एवढीच आमची विनंति आहे. त्यानें चहाची गोडी कमी होईल, अशी भीति बाळगण्याचें कारण नाहीं. तो चहा कोणाच्या हातचा होता आणि कोणाच्या हातीं पडत होता, हें कळल्यावरच तो खऱ्या अर्थानें आपल्या घरचा होईल.